केबल मोजू नका, चर मोजा

मा. संपादक,
स. न.

खोदकामात केबल तुटून इंटरनेट बंद पडले की 'पर्यायी केबल टाका' ही मागणी ठरलेली. ती अपुरी आहे. मध्यंतरी आमच्या दांडिया बाजारात जेसीबी चालला आणि मुलाच्या ऑफिसातल्या दोन्ही लाइन एकदमच गेल्या. दुसरी त्याने मुद्दाम वेगळ्या कंपनीची घेतली होती. चरात वाकून पाहिले, तर दोन डक्ट, म्हणजे केबलचे पाइप, शेजारी शेजारी, एकाच फटक्यात फाटलेले. केसाएवढे काचेचे धागे मातीत लोंबत होते. जॉइंट मारायला आलेला पोरगा रात्री दहापर्यंत एकेक धागा जुळवत बसला होता.

मी दूरसंचारातून निवृत्त झालो, म्हणून लिहितो. बडोदेकरांना हे जुन्या शहराच्या मध्यावरच्या मांडवीवरून चटकन कळेल. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट, चारी दरवाजांच्या वाटा मांडवीत मिळतात. मांडवीच अडली तर सगळेच अडकले. म्हणून दरवाजे एकमेकांना बाहेरून जोडायचे, की झाली रिंग. केबलचेही तसेच: एक बाजू तुटली तर डेटाची वाहतूक उलट दिशेने वळते, चांगल्या रिंगमध्ये 50 मिलिसेकंदांत. फोनवर बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरात निजवल्या, तर नकाशातली रिंग जमिनीत साधी दोरीच असते.

रंगांचे तर कोणी विचारतच नाही. एका धाग्यातून 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे प्रकाशाचे 80 'रंग' एकाच वेळी धावू शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत, आम्ही आपले रंग म्हणतो. एक रंग निघाला की तोच पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मोकळा हवा. इथे 12 नंबरचा रंग मोकळा आणि पुढे फक्त 17 नंबरचा, तर दोन्हीकडे जागा असून वाट नाही. मग मध्येच प्रकाशाची वीज करून पुन्हा नव्या रंगाचा प्रकाश करायचा. पूर्वी डभोईच्या छोट्या (नॅरोगेज) गाडीतले सामान उतरवून मोठ्या गाडीत चढवावे लागे, तसलाच खर्चिक प्रकार. तेव्हा वळणाच्या वाटेवर रंग आधीच राखून ठेवला नसेल, तर रिंग असूनही गाडी उभीच.

पालिकेने खोदाईची परवानगी देताना चरांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत. ग्राहकानेही दुसरी लाइन घेताना ती कोणत्या रस्त्याने येते, एवढे विचारावे. मुलाने परवा विचारले. उत्तर आले, "भाई, फायबर छे, टेन्शन ना लो."

आपला,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता
दांडिया बाजार, वडोदरा