शिवाजी पेठेचं पार्सल, शिवाजी पार्कात

वडिलांचा जुना याशिका कॅमेरा (‘१२०’ नावाच्या रुंद फिल्मचा रोल, एका रोलात बाराच फोटो) पुण्याहून दुरुस्त होऊन कुरिअरनं येणार होता. मोबाइलवर मेसेज आला, ‘डिलिव्हर्ड’. दारात काहीच नाही. कंपनीचं उत्तर एकच: आमच्या नोंदीत पोचलंय. पावतीवर किंमत लिहिली नव्हती, ही चूक माझीच. त्यामुळं भरपाईची बातही नाही.

पत्ता शिवाजी पेठेचा, पार्सल गेलं शिवाजी पार्कात. कोल्हापुरात शिवाजी नावाचे पत्ते किती, हे बाहेरच्याला कसं कळावं!

हे शोधलं ते दसरा चौकातल्या एका रिक्षावाल्या मामांनी. "चला, बसा," म्हणाले आणि दोन तास गल्ली-गल्ली फिरवलं. मीटर पाडलाच नाही. शेवटी एका अपार्टमेंटच्या वॉचमन काकांनी जिन्याखालून खोकं काढलं. कुणाचं आहे ठाऊक नव्हतं, पण पावसाचं पाणी आत येतंय म्हणून त्यांनी ते स्वतःच्या खुर्चीवर ठेवलं होतं आणि चार दिवस स्वतः स्टुलावर बसले होते. ते ऐकून मला बोलताच येईना.

शेजारच्या टपरीवरच्या ताईंनी चहाचे पैसेही घेतले नाहीत.

गडबडीत तिघांचीही नावं विचारायची राहिली. मामा, काका, ताई, मनापासून आभार. पहिला रोल रंकाळ्यावर काढला. त्यातले तीन फोटो राखून ठेवलेत, तुमचे. येतोय काढायला.