देवरुखच्या मुलांनो, ३१ नग पोचले

देवरुखच्या मंडळातल्या सर्व मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपती होऊन गेले तरी हे पत्र राहूनच गेलं होतं. लिहायला बसले की डोळे भरायचे आणि वही मिटून ठेवायची. आज मात्र लिहून टाकते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा सुरुवातीला मी फारशी घाबरले नव्हते. २६ जुलै २००५ चा पूर मी पाहिलेला आहे. तेव्हाच्या पाण्याची रेघ माझ्या शिवणकामाच्या दुकानाच्या भिंतीवर आहे आणि गिऱ्हाइकांचे कपडे मी कायम त्या रेघेच्या वरच्या फळीवर ठेवते. यंदा पाणी त्या फळीच्याही वर गेलं. शटर उघडलं तर तिन्ही मशिनी गाळात आडव्या पडलेल्या, आणि बोचक्यांत कापड आहे की चिखल तेच कळेना. गौरींच्या आधी द्यायचे ब्लाउज होते त्यात.

तुमच्या आधीही माणसं येऊन गेली होती. एका गाडीतून बॅनर उतरला, मग बिस्किटांचे पुडे. मला म्हणाले, जरा पुढे चिखलात उभ्या राहा, फोटो नीट येत नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी मशिनी मोजल्या. कपड्यांचं विचारलं तर म्हणाले, "ते गिऱ्हाइकांचे ना? मग त्यात तुमचं काय गेलं?" पुराच्या रात्री मी रडले नव्हते, त्या वाक्यानंतर रडले. माझ्याकडे बायका कापड टाकून जातात, पावतीसुद्धा मागत नाहीत. माझं सगळं तेच तर होतं!

मग तुम्ही आलात. फावडी, घमेली, खराटे आणि स्वतःचे जेवणाचे डबे घेऊन. दुकान तुम्ही दोन दिवसांत कसं मोकळं केलंत ते अख्ख्या गल्लीने पाहिलं, त्यावर वेगळं काय लिहू?

पण एक गोष्ट लिहायचीच आहे. तुमच्यातल्या एकीला कळेल की ती तिच्याबद्दल आहे. नाव घालत नाही, तुला आवडायचं नाही.

मी ती बोचकी रस्त्यावरच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकायला निघाले होते. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "काकी, थांबा, याला चिठ्ठ्या आहेत." प्रत्येक कापडाला मी टाचणीने चिठ्ठी लावते, नाव आणि मापाची. घमेलं पालथं घालून तू त्यावर बसलीस आणि एकेक घडी सोडवलीस. निघताना दोन गोण्या भरून घेऊन गेलीस. मला वाटलं, पोरगी माझं मन राखतेय.

आठव्या दिवशी तुमच्या टेम्पोतून ३१ नग परत आले. धुतलेले, इस्त्री केलेले, आणि प्रत्येकाला नव्या टाचणीने नवी चिठ्ठी. जिथे अक्षर लागत होतं तिथे माझ्याच पद्धतीने उतरवलेलं. जिथे शाई पार गेली होती तिथे लिहिलं होतं, "नाव पुसलं आहे. जांभळा काठ. डाव्या बाहीवर जुन्या टाचणीच्या गंजाचा डाग राहिला, माफ करा."

माफ करा! अगं बाळा, पुराच्या डागाची माफी तू मागितलीस. ज्यांनी मागायला हवी होती त्यांनी नाही मागितली.

पुराच्या दिवशी आमच्या एसटी आगारात काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. अधिकारी आणि कर्मचारी नऊ लाखांच्या आसपास रोकड घेऊन तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले, खाली चोहीकडे पाणी. पैसे त्यांचे नव्हते. तुझ्या गोण्यांतलं कापडही तुझं नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्या बायकांना तू ओळखतही नव्हतीस. दुसऱ्याची वस्तू जिवापाड जपणारी माणसं अजून आहेत, हे मी या पावसात पाहिलं, म्हणून तर पुन्हा मशिनीवर बसायचा धीर झाला.

२८ नग बायका घेऊन गेल्या. एकीने तर कापड छातीशी धरलं. जांभळ्या काठाचा ब्लाउजपीस अजून फळीवर आहे, तुझी चिठ्ठी काढलेली नाही. आता फळी मी माळ्याला लावून घेतली आहे.

एक मशीन दुरुस्त होऊन आली. तिच्यावर पहिला ब्लाउज तुझा शिवायचा असं ठरवलंय, कापडही मीच घेतलंय. माप घ्यायला यायची गरज नाही, तू घमेल्यावर बसली होतीस तेव्हाच नजरेनं घेतलंय. बाही कोपरापर्यंत हवी की आखूड, तेवढं कळव.

तुमची,
चिपळूणची काकी