रिकॉलची खबर गाडीच्या आजच्या मालकाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलैतली गोष्ट. सकाळी साडेसहाला कळव्याहून तुर्भ्याला कामावर निघालो होतो. विटाव्याला रेल्वे पुलाखाली नेहमीप्रमाणे पाणी साचलेले, वाहने एकमेकांना खेटून पुढे सरकत होती. खड्डा चुकवायला मी हँडल डावीकडे पूर्ण वळवले आणि मोटारसायकल जागीच मेली. इंजिन बंद, हेडलाइट बंद, इंडिकेटर नाही, हॉर्न दाबला तर तोही नाही. मागे पाण्याचा टँकर होता. त्याच्या चालकाने करकचून ब्रेक लावला, तेव्हा टँकरचा बंपर माझ्या नंबर प्लेटपासून हातभर अंतरावर थांबला. पाय टेकून हँडल सरळ केले तर सगळे दिवे परत लागले. बटण दाबताच गाडी सुरूही झाली.

संध्याकाळी ती खारेगावातल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी टाकी उतरवली, टॉर्च धरला आणि मला वाकून बघायला सांगितले. हँडलच्या मानेजवळ मेन वायरिंगचा जुडगा फ्रेमच्या धारेला टेकून गेला होता. हँडल वळले की तो ताणला जायचा आणि त्या धारेवर घासायचा. वरचे काळे आवरण तेवढ्याच जागी सोलवटून गेले होते आणि आतल्या दोन वायरींचे तांबे उघडे पडून चकाकत होते. तिथून चार बोटांवर, त्याच मानेवर, गाडीचा चासी नंबर ठोकलेला आहे.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, या मॉडेलच्या अजून दोन गाड्या माझ्याकडे असंच होऊन आल्या होत्या. कंपनीने याचा रिकॉल काढला होता ना? तुम्हाला कळवलं नाही?"

रिकॉल म्हणजे दोष सापडलेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणे. मला तसे कोणी कळवले नव्हते. गाडी २०२१ची आहे. २०२३मध्ये मी ती डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडून घेतली, आरसी रीतसर माझ्या नावावर करून घेतली. त्यांना त्या रात्री फोन केला. ते म्हणाले, "हो, आला होता मेसेज. पण तोवर गाडी विकून चार महिने झाले होते. मला वाटलं, सर्व्हिसिंगची जाहिरात असेल." त्यांचा काही दोष नाही. जी गाडी आपली राहिली नाही तिचे संदेश कोण जपून ठेवतो? पण कंपनीच्या दप्तरी ती गाडी अजून त्यांचीच होती आणि तिच्यावर रोज मी बसत होतो.

संपादक महोदय, मी एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्याकडे एखाद्या बॅचमध्ये खोट सापडली, की पहिला प्रश्न असतो, तो माल आत्ता कुठे आहे? मूळ ग्राहकाला पत्र टाकले आणि आपले काम झाले, असे आम्हाला म्हणता येत नाही. गाड्यांच्या बाबतीत मात्र तेच चालते. जुन्या दुचाकींचा बाजार ठाण्यात केवढा मोठा आहे, हे सांगायला नको. नोकरी लागलेला मुलगा पहिली गाडी जुनीच घेतो. सामान पोचवणारी कितीतरी पोरे भावाच्या, मित्राच्या नावावरची गाडी चालवतात. यांच्यापैकी कोणापर्यंत ती खबर जात असेल?

रिकॉल ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. मे २०२१मध्ये रॉयल एन्फिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी सुमारे २ लाख ३७ हजार मोटारसायकली परत बोलावल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये यामाहाने १२५ सीसीच्या सुमारे ३ लाख स्कूटर ब्रेक लिव्हरच्या कामासाठी बोलावल्या. कंपन्यांनी स्वतःहून दोष जाहीर केला ही चांगलीच गोष्ट आहे, त्यासाठी त्यांना नावे ठेवू नयेत. प्रश्न त्यानंतरचा आहे. बोलावलेल्यांपैकी किती गाड्या प्रत्यक्षात दुरुस्त झाल्या, हा आकडा तितक्याच ठळकपणे छापून आलेला मी तरी वाचलेला नाही.

कायदा आहे. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू आहेत. एकाच दोषाच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या, की सरकार चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. तक्रार नोंदवायला सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर सोय आहे. गाडीवाल्यांनी ती जरूर वापरावी, कारण तक्रारींची संख्या त्यातूनच मोजली जाते.

आता दुरुस्तीबद्दल. मिस्त्रींनी त्याच वेळी विचारले होते, "स्लीव्ह घालून टेप मारू? दोन केबल टाय लावतो, अर्ध्या तासात मोकळे व्हाल." दीडशे रुपयांचे काम. खरे सांगतो, मी हो म्हणणारच होतो. पावसाळ्याचे दिवस, सकाळची पाळी, शोरूमच्या फेऱ्या मारायला वेळ कोणाकडे आहे? पण टेप मारली तरी जुडग्याची वाट तीच राहते आणि धारही तिथेच राहते. उन्हात इंजिनच्या वाफेने टेपचा डिंक सुटतो, पावसात तिच्याखाली पाणी मुरते. अर्धवट तुटलेल्या तारा तर आतल्या आत तशाच असतात. शिवाय टेप मारल्यावर हँडल वळवून गाडी बंद पडेनाशी होते, म्हणजे दोषाची खूण तेवढी जाते. कंपनीच्या संगणकावर त्या चासी नंबरपुढे काम बाकीच दिसत राहते आणि पुढे गाडी घेणाऱ्याला आत काय झाकले आहे ते कळायचा मार्ग उरत नाही.

चेन ताणणे, प्लग साफ करणे, केबलला तेल सोडणे मी घरीच करतो आणि ज्याला जमते त्याने करावे. रिकॉलचे काम मात्र त्यातले नव्हे, हे माझे ठाम मत झाले आहे. ब्रेक, वायरिंग, पेट्रोलची लाइन यांत दोष काय होता आणि तो कशाने जातो, हे ज्याने गाडी घडवली त्यालाच नीट ठाऊक असते. त्याचा खर्चही त्यानेच करायचा असतो. मिस्त्रींनी उघड्या वायरी तेवढ्या झाकून दिल्या, एक पैसा घेतला नाही आणि बजावले, "साहेब, तरी शोरूमला दाखवाच."

शोरूमचा अनुभव मात्र क्लेशदायक होता. घरापासून जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्या दिवशी सांगितले, रिकॉल दुसऱ्याच्या नावाने आहे, त्यांना घेऊन या. आरसी दाखवली तर म्हणाले, आधी सर्व्हिसिंग करावी लागेल, त्याशिवाय जॉब कार्ड, म्हणजे कामाची नोंद असलेला कागद, निघत नाही. दुसऱ्या खेपेला, पार्ट आलेला नाही, फोन करू. फोन आला नाही. मग मी मानेवरच्या चासी नंबरचा, सोललेल्या वायरिंगचा आणि आरसीचा असे तीन फोटो काढून थेट कंपनीला ईमेल केला. तारीख, वेळ, टँकर, सगळे लिहिले. चौथ्या दिवशी नवी मुंबईतल्या दुसऱ्या सेंटरमधून बोलावणे आले. तिथल्या तरुण फिटरने दीड तासात काम केले. जुडगा नवा घातला, मानेच्या दुसऱ्या बाजूने वळवून नवीन क्लिपमध्ये बसवला, मग माझ्यासमोर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून दाखवले. जॉब कार्डावर रिकॉलची नोंद आणि पुढे शून्य रुपये. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानतो.

म्हणजे काम दीड तासाचे होते. त्याची खबर माझ्यापर्यंत यायला दोन वर्षे गेली आणि तीही टँकरच्या तोंडाशी जाऊन आल्यावर.

माझी मागणी एवढीच आहे. गाडीचा आजचा मालक कोण, हे परिवहन खात्याला माहीत असते. पीयूसी काढताना मालकाचा मोबाइल नंबर लागतो, त्यावर संदेश येतो. विमा चासी नंबरावर उतरतो. मालकी बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरून आपण सगळा तपशील आरटीओला देतोच. एखाद्या चासी नंबरवर रिकॉलचे काम बाकी असेल, तर या तिन्ही ठिकाणी ते पडद्यावर दिसले पाहिजे आणि मालकाला कळले पाहिजे. आज प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर वेगवेगळे शोधत बसावे लागते. सगळ्या कंपन्यांच्या याद्या एकाच ठिकाणी 'वाहन'वर आणल्या, तर एमएच-०४ असो की एमएच-४३, कुठलाही गाडीवाला १७ अक्षरांचा नंबर टाकून मिनिटात खात्री करून घेईल. जुनी गाडी घेणारा तर पैसे मोजण्याआधीच बघेल. चलनाचा संदेश आपल्याला बिनचूक येतो. मग हाही आला पाहिजे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्यातल्या कोणाची गाडी वळणावर अशीच मेली होती का, हे कोण तपासणार?

सेंटर कामाला उशीर करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. काम झाल्याचे जॉब कार्ड मात्र आरसीसोबत जपून ठेवा आणि गाडी विकाल तेव्हा पुढच्या मालकाच्या हातात द्या.

एक शेवटची विनंती. मिस्त्रींकडे माझ्याआधी टेप मारून गेलेल्या दोन गाड्यांपैकी एका मालकाचा पत्ता आम्ही काढला, त्याचेही काम आता झाले. दुसरी गाडी निळी आहे. साधारण पंचविशीतला मुलगा, पाठीवर सामान पोचवायची मोठी पिशवी, राहायला दिघ्याच्या बाजूला, एवढेच मिस्त्रींना आठवते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने खारेगावात वायरिंगला टेप मारून घेतली होती. तो किंवा त्याच्या ओळखीचे कोणी हे वाचत असेल, तर त्याने मिस्त्रींना येऊन भेटावे. कंपनीला काय लिहायचे ते मी लिहून देईन.

आपला,
एक वाचक
खारेगाव, कळवा, ठाणे