नवा विमानतळ आणि हार्बरचा प्रवासी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. त्यानंतर माझ्या वाचनात आलेल्या मजकुरात टर्मिनलचे छत, त्याचे खांब, उजेड, दुकाने यांचे कौतुक भरभरून होते. परंतु वडाळा, शिवडी, कुर्ला, चेंबूर अशा भागांत राहणाऱ्या आणि स्वतःची मोटार नसलेल्या माणसाने तिथवर पोचायचे कसे, याची माहिती शोधूनही फारशी सापडली नाही. बंगळुरूला जाण्याच्या निमित्ताने हा विमानतळ मला पाहता आला. जाताना मी मुद्दाम लोकलने गेलो आणि परतताना टॅक्सीने अटल सेतूवरून आलो. या दोन प्रवासांत जे दिसले ते आपल्या वाचकांसमोर ठेवावे, म्हणून हे पत्र.

आधी विमानतळाविषयी. इमारत सुंदर आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. झाहा हदीद यांच्या नावाने चालणाऱ्या लंडनच्या वास्तुरचना संस्थेने तिची कल्पना कमळावरून घेतली आहे. अशी वर्णने वाचली की मनात थोडी शंका येते, कारण कागदावर कमळ असते आणि प्रत्यक्षात काँक्रीट. इथे मात्र वर जाताना पाकळ्यांसारखे उमलत गेलेले खांब पाहिल्यावर ती कल्पना समजावून सांगावी लागत नाही. दिवसाचा उजेड आतपर्यंत येतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या, म्हणजे सहारच्या, टर्मिनल दोनमध्ये सुरक्षा तपासणीनंतर फाटकापर्यंत जी लांबलचक चाल घडते, तशी इथे घडली नाही. गर्दी बेताचीच होती, हेही त्याचे एक कारण असणार. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे आणि सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ती नऊ कोटींपर्यंत जाणार आहे. त्यामुळे आजच्या निवांतपणावरून उद्याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. चहाच्या किमतीबद्दल मी लिहीत नाही, कारण त्या बाबतीत देशातले सगळे विमानतळ एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

उतरतानाचा अनुभव मात्र मुंबईकराला खरोखर नवा वाटेल. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकीचाच वापर होतो, आणि त्यामुळे मुंबईवर येऊन आकाशात घिरट्या घालत बसणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की तो वेळ आपण प्रवासातच धरतो. नव्या विमानतळावर सध्या ३,७०० मीटर लांबीची एकच धावपट्टी असली तरी पुढे तिला समांतर दुसरी होणार आहे, आणि समांतर असल्याने दोन्ही एकाच वेळी वापरता येतील. मुंबईला दुसरा विमानतळ का हवा होता, याचे खरे उत्तर या एका गोष्टीत आहे. माझे विमान सरळ खाली आले, आणि खिडकीतून खाडी, तिवरांचे पट्टे आणि दूरवर कर्नाळ्याचा सुळका एका नजरेत दिसले.

आता लोकलचा प्रवास. वडाळ्याहून पनवेल गाडी धरली, नेरूळला उतरलो आणि उरणच्या गाडीची वाट पाहिली. हार्बरवरची गर्दी आपल्या ओळखीची आहे. चाकांची बॅग घेऊन त्या गर्दीत चढणे हे धैर्याचे काम असले तरी अशक्य नाही. कस लागतो तो नेरूळच्या फलाटावर. उरण मार्गावर दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, आणि हार्बरची गाडी चार मिनिटे उशिरा आली तर पुढची उरण गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. रोज त्या मार्गावर जाणारा माणूस हे गणित डोक्यात ठेवून घर सोडतो. बाहेरगावी निघालेल्याला ते माहीत नसते, आणि त्याच्या मागे विमानाची वेळ लागलेली असते. फलाटावर माझ्याशेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क जोडप्याला विमानतळासाठी बेलापूरला उतरायचे की नेरूळला, हेच कळत नव्हते आणि तसे सांगणारी एकही पाटी त्यांच्या दृष्टीस पडत नव्हती.

विमानतळाला सर्वांत जवळचे स्थानक तरघर. नेरूळ-बेलापूर ते उरण या मार्गाचा खारकोपरपर्यंतचा भाग नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला, जानेवारी २०२४ मध्ये गाडी उरणपर्यंत गेली, आणि तरघर स्थानक विमानतळ सुरू होण्याच्या सुमारास, डिसेंबर २०२५ मध्ये, प्रवाशांसाठी खुले झाले. स्थानक प्रशस्त आहे. परंतु तिथून टर्मिनलच्या दाराशी चालत जाता येत नाही. पुढे बस किंवा भाड्याचे वाहन पाहावे लागते, आणि वाहन मिळेपर्यंत लोकलने वाचवलेले पैसे खर्चून मनस्ताप विकत घेतल्यासारखे वाटू लागते. जाता जाता एक नोंद करावीशी वाटते. विमानतळासाठी उलवे, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर यांसह ज्या वस्त्या उठल्या, त्यांत तरघरही होते. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव या विमानतळाला मिळावे ही तिथल्या लोकांची मागणी किती खोलवरची आहे, हे १९८४ सालचे जासईचे आंदोलन आणि त्यात गोळीबारात गेलेले शेतकरी ज्यांना आठवतात त्यांना वेगळे सांगायला नको. गावे उठवून जागा मिळवली, टेकडी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. एवढे सगळे जमलेल्या यंत्रणेला स्थानक आणि टर्मिनल यांच्यामधला हा तुकडा जोडता येऊ नये, हे पटत नाही.

परतीचा प्रवास अगदी निराळा झाला. अटल सेतूवरून शिवडीला येणे हे सुख आहे, त्याबद्दल दुमत नसावे. जवळपास २२ किलोमीटरच्या या सेतूवर मोटारीला एका वेळचा पथकर २५० रुपये आहे, त्यावर टॅक्सीचे भाडे. दुचाकी आणि रिक्षा यांना सेतूवर परवानगी नाही. म्हणजे दक्षिण व मध्य मुंबईतून विमानतळाला जाण्याचा सर्वांत जवळचा आणि वेगवान रस्ता हा मोटारवाल्यांचा रस्ता आहे. यात प्रवाशाकडून घेतले जाणारे वापरकर्ता विकास शुल्क मिळवा. देशांतर्गत विमानासाठी नव्या विमानतळावरून निघताना ६२० रुपये आणि तिथे उतरताना २७० रुपये असा तो आकडा सुरुवातीला ठरला. तिकिटात तो आधीच मिसळलेला असल्याने बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्वस्त विमान कंपनीचे तिकीट काढून चार पैसे वाचवू पाहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब टॅक्सीपाशी कसा कोसळतो, हे वेगळे मांडायची गरज नाही.

काहीजण म्हणतील की विमानतळ आत्ताच सुरू झाला आहे, मेट्रो येईल, धीर धरा. मुंबई आणि नवी मुंबई हे दोन विमानतळ जोडणाऱ्या मेट्रो आठचा प्रस्ताव आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण धीर धरण्याचा आपला अनुभव काय आहे? सहारचे टर्मिनल दोन २०१४ साली सुरू झाले आणि त्याच्या पायथ्याशी मेट्रो तीन पोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या दहा वर्षांत अंधेरीहून रिक्षाने, बॅगा मांडीवर घेऊन, मरोळच्या कोंडीत घड्याळ पाहत बसलेल्यांची एक पिढीच झाली. त्याहून जुना दाखला नवी मुंबईचाच आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची, वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला; पण मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला गेली ती १९९२ मध्ये. तोवर ते शहर आराखड्यात मोठे होते आणि मुंबईकर मात्र तिकडे घर घ्यायला कचरत होता. लोकल गेली आणि मग माणसे गेली, हा क्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना विमानतळाच्या बाबतीत पुन्हा तीच चूक होताना दिसणे क्लेशदायक आहे.

या वेळी मात्र एक गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या पत्राचा रोख तिच्यावर आहे. नेरूळ-उरण रेल्वेमार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला आहे आणि विमानतळ कंपनीतही सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे. रूळही तिच्या पैशाने झाले आणि विमानतळातही ती भागीदार आहे, अशी सार्वजनिक संस्था या शहराला याआधी लाभली नव्हती. सहारच्या वेळी रेल्वे, महापालिका आणि विमानतळ चालवणारे एकमेकांकडे बोट दाखवू शकत होते. इथे ती सोय नाही. मेट्रो यायची तेव्हा येवो. तोपर्यंत मध्य रेल्वे आणि सिडको यांनी एकत्र बसून उरण मार्गाच्या फेऱ्या वाढवाव्यात, आणि तरघरला येणाऱ्या प्रत्येक गाडीला जोडून टर्मिनलची बस सोडावी. ही बस बॅगा ठेवायला जागा असलेली, खालच्या पायरीची हवी, आणि गाडी उशिरा आली तर तिने थांबायला हवे. तिचे भाडे लोकलच्याच तिकिटात घेता आले तर नवख्या माणसाला खिडक्या शोधत फिरावे लागणार नाही. नवीन रूळ, नवा पूल, नवे भूसंपादन यांपैकी काहीही यासाठी लागत नाही.

वेळांचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो मी कमी लेखत नाही. सुरुवातीला विमानतळ सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळेत चालू ठेवला होता, तेव्हा लोकलच्या वेळा त्याला सहज पुरत होत्या. चोवीस तास चालणाऱ्या विमानतळाला मात्र रात्री विसावणारी लोकल पुरी पडत नाही, आणि स्वस्त तिकिटे नेमकी पहाटेच्या व मध्यरात्रीच्या विमानांचीच असतात. अशा वेळी शिवडी, वडाळा, दादर इथून सेतूमार्गे थेट बस हाच व्यवहार्य उपाय दिसतो. सेतूचा पथकर पन्नास प्रवाशांत वाटला गेला तर तो कोणालाच जड होणार नाही, आणि रात्री सेतूवर वाहनांची गर्दीही नसते.

तिकीट काढताना घ्यायची एक खबरदारी जाता जाता सांगतो, कारण ती अनेकांच्या उपयोगाची आहे. मुंबईचे तिकीट शोधले की आता दोन्ही विमानतळांची विमाने एकाच यादीत दिसू शकतात. जुन्या विमानतळाचे संक्षिप्त चिन्ह ‘बीओएम’ आणि नव्याचे ‘एनएमआय’ असे आहे. बोरिवली किंवा मीरा रोडला राहणाऱ्याने पाच-सातशे रुपये वाचतात म्हणून नव्या विमानतळाचे तिकीट काढले, तर आजच्या घडीला त्याला अंधेरीला एकदा, नेरूळला दुसऱ्यांदा आणि तरघरला तिसऱ्यांदा वाहन बदलावे लागेल. ठाण्याच्या, ऐरोलीच्या किंवा पनवेलच्या वाचकासाठी मात्र हाच विमानतळ आता सोयीचा आहे आणि त्यांनी तो जरूर वापरून पाहावा.

तरघर स्थानकापासूनच्या बससेवेचे वेळापत्रक, तिची मार्गरेषा आणि उरण मार्गावरील फेऱ्या कधी वाढणार, याविषयी मध्य रेल्वे आणि सिडको यांना आपण विचारावे आणि त्यांचे उत्तर आपल्या पत्रातून छापावे, अशी विनंती आहे. उत्तरात ‘विचाराधीन’ एवढेच आले, तर तेही छापावे.

आपला,
हार्बर मार्गावरील एक नियमित प्रवासी,
वडाळा, मुंबई