व्हँपायरचं प्रेम म्हणजे चावटपणा नव्हे

संपादक साहेब, नमस्कार. दोन पुरुषांचं प्रेम असलेल्या भुताखेतांच्या गोष्टी म्हणजे नुसता चावटपणा असं बरेच जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' १९९४ च्या पिक्चरमध्ये लुई आणि लेस्टाट या दोन व्हँपायरचं प्रेम आडूनआडूनच होतं, २०२२ च्या सिरीजमध्ये मात्र दोघं उघड संसार करतात, तेही १९१० नंतरच्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, आणि लुई काळा, म्हणजे तिथे आधीच दबलेला. भांडणात लेस्टाट त्याला आकाशात उंच नेतो नि तिथून सोडून देतो, अंगावर काटा आला, घरातली मारहाण इतक्या खरेपणाने क्वचितच दाखवतात हो! नि हे सगळं लुई आजच्या दुबईत बसून पत्रकाराला सांगतोय. रविवारच्या पुरवणीत यावर एखादा नीट लेख छापा ना, प्लीज.

– एक वाचक, ठाणे