पत्रकारितेच्या वर्गात सातबाराही हवा

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून पत्रकारिता शिकवली जाते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा हा विभाग मुख्य आवारात हलवण्याचा घाट २०२१ मध्ये घातला गेला, तेव्हा माजी विद्यार्थी एकवटले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. ते योग्यच झाले. भर रस्त्यावरचा वर्ग बातमीदाराला मानवतो. पण जागेबद्दल जेवढे बोलले गेले, तेवढे अभ्यासक्रमाबद्दल बोलले जात नाही.

मी राज्यातल्याच एका सरकारी विद्यापीठात हा विषय शिकले. संज्ञापनाच्या (कम्युनिकेशनच्या) सिद्धांतांवर पुरवण्या भरल्या. पहिल्या नोकरीत तालुक्याला गेले, तर तलाठ्याने पुढ्यात ठेवलेला सातबारा वाचता येईना. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलाची नोंद, हे शेवटी त्यानेच समजावले. (बातमी त्याच्याच विरोधात होती!)

जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प, पोलिसांचा एफआयआर, निविदेची सूचना हे कागद वर्गात हाताळायला मिळायला हवेत. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक माहिती अधिकार अर्ज करावा. खर्च दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस आणि महाराष्ट्रातल्या नियमानुसार मजकूर दीडशे शब्दांच्या आत. नेमके लिहायची याहून चांगली तालीम कुठली? उत्तर टोलवाटोलवीचे आले, की पहिले अपील करायला लावावे आणि त्याला वीस गुण ठेवावेत.

– एक वार्ताहर, सातारा