आईच्या तळहातांचं, फक्त तुलाच

मित्रा,

चार महिने तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही, माफ कर. माझी तब्येत ठीक, पाठ दुखते अधूनमधून, ते सोड.

परवा आईचा फोन उघडेना. अंगठा लावतेय, पदराला पुसतेय, परत लावतेय. म्हणे, "आता चोरी केली तरी सापडायची नाही मी." मी हसत तिचा हात हातात घेतला तर अंगठ्यावर रेषाच नाहीत रे, कातडी लाल, गुळगुळीत, आणि तळव्याला दोन मोठे फोड. पायाचे तळवे तर मोजे घालून लपवत होती. का, तर डॉक्टर कॅन्सरच्या गोळ्या बंद करतील म्हणून!

त्याच गोळ्यांनी, कॅपेसिटाबीनने होतं हे, हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले ग्रेड ३, म्हणजे सगळ्यात तीव्र, गोळ्या आजपासून बंद, कातडी भरली की पाऊण डोसवर सुरू करू.

पण तुला लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. दहा दिवसांपूर्वी ती म्हणाली होती हाताला मुंग्या येतात, आग होते, आणि मी काय म्हणालो माहितीये? "सोस थोडं, औषध लागू पडतंय त्याची खूण आहे." हे काकांच्या वेळचं वाक्य. काकांना सेटुक्सिमॅब होतं, कॅन्सरचंच पण वेगळं औषध, चेहऱ्यावर पुरळ उठलं होतं, त्या औषधात पुरळ आणि गुण यांचा संबंध दिसतो हे खरं, पण मी ते उचलून सरळ आईला चिकटवलं. आणि तेव्हासुद्धा तू ओरडून सांगत होतास की खूण असली म्हणून काय झालं, त्रासावर इलाज करायचाच, डॉक्सीसायक्लिन अँटिबायोटिक असतं त्यासाठी, आणि मी म्हणालो उगाच बाऊ करू नकोस. दोन महिने बोलला नाहीस माझ्याशी. बरोबर केलंस.

मुंग्या आल्या तेव्हाच फोन करायला हवा होता. आई तर रोज गरम पाण्यात कपडे हाताने पिळत होती, आणि नेमका दाब आणि उष्णता हेच तळव्यांना नको असतं. आता १० टक्के युरियाचं क्रीम लावतो दोन वेळा. दिल्लीच्या एम्सच्या अभ्यासात डायक्लोफिनॅक या वेदनाशामक जेलने ग्रेड २-३ चा त्रास होणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.८ वर आलं होतं, पण ते गोळ्यांसोबत पहिल्यापासून लावायचं. पहिल्यापासून! हे वाचून रात्रभर जागा होतो.

आणि पाऊण डोस पुरेल का रे? डॉक्टर म्हणतात, सोसवत नसलेला पूर्ण डोस मध्येच तुटतो, त्यापेक्षा हा नीट पुरा होईल. दिवसा पटतं, रात्री नाही.

नव्या नोकरीचं अभिनंदन, राहूनच गेलं. पोरगी चालायला लागली का?

गुरुवारी दाखवायला जायचंय. बुधवारी रात्री फोन कर, आणि काकांचा डोस कमी केला तेव्हा तू डॉक्टरांना काय काय विचारलं होतंस, तेवढं आठवून ठेव.

तुझाच